तीन ते सहा, कोणाच्या हवाली?

आपल्या कायद्याला मूल दिसते ते सहा वर्षांचे झाल्यावर. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३१ सहा ते अठरा वयाचे. ही सहाची रेघ राज्यघटनेत पहिल्यापासून नव्हती. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण होते. खालची मर्यादा कोणी घातलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला आणि त्याच फटक्यात सहाच्या आतल्यांना मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवून दिले. धडधाकट मुलाचे त्यामुळे फारसे अडत नाही. घर, गल्ली, मामाचा गाव, सगळे त्याला शिकवत असतात. पण ज्याला मान सावरायलाच दीड वर्ष लागले, किंवा ज्याच्या कानावर आईची हाक पोचत नाही, त्याचे बरेचसे आयुष्य याच सहा वर्षांत ठरते.

हे मी मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. बऱ्हाणपूर आणि खकनार असे दोनच विकासखंड. शहरात यंत्रमाग, शहापूर-इच्छापूर पट्ट्यात केळी आणि मराठी, खकनारकडे कोरकू वस्त्या. आजार मोठा निघाला की लोक इंदूरला जातात, नाहीतर भुसावळ-जळगावला. एवढा आटोपशीर जिल्हा असताना दिव्यांग लेकराची वाट मधेच का हरवते, हा माझा प्रश्न आहे.

वाटेची सुरुवात वाईट नाही, हे आधी मान्य करू. बाळ जन्मले की आशा कार्यकर्ती घरी येते. सहा आठवड्यांपासून सहा वर्षांपर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करायची. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तपासणीत काही आढळले तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र: बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, सगळे एका छपराखाली. पदे किती भरलेली असतात हा वेगळा रडगाण्याचा विषय. मांडणी मात्र उत्तम आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, तीत कॉक्लिअर इम्प्लांट होते आणि पुढची थेरपीही मिळते.

खाचखळगे पुढे आहेत. उपचार आरोग्य खात्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, प्रमाणपत्र आणि साधने सामाजिक न्याय खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे. चार खाती, चार नोंदवह्या, आणि चौघांमध्ये फिरणारी एकच प्लास्टिकची पिशवी, आईच्या हातातली. तिच्यात एमआरआयची पाकिटे, झेरॉक्स, राज्याचा समग्र आयडी, आधार, शिबिराची पावती. ही पिशवी हीच आपली हस्तांतर व्यवस्था आहे. ती पावसात भिजली किंवा सासरहून माहेरी जाताना राहून गेली, की मुलाचा इतिहास संपला.

प्रमाणपत्राचा घोळ तर मुद्दाम रचल्यासारखा वाटतो. पाच वर्षांखालील मुलाला मिळते ते तात्पुरते प्रमाणपत्र. बौद्धिक अक्षमतेचे निदान पाचाच्या आत लिहायचे नाही, तोवर विकास मंदावलेला एवढेच लिहायचे. वैद्यकीयदृष्ट्या हे अगदी योग्य आहे. तीन वर्षांच्या पोरावर जन्माचा शिक्का मारू नये. पण परिणाम असा होतो की शाळेला कागद हवा असतो नेमक्या त्याच वर्षी कागदाची मुदत संपलेली असते. पुन्हा मेडिकल बोर्ड, पुन्हा रांग, पुन्हा एक मजुरी बुडाली. बहुविकलांग आणि मतिमंद मुलांसाठीचे राज्याचे मासिक अर्थसाहाय्यही सहा वर्षांच्या वरच्यांनाच. म्हणजे सर्वांत जास्त धावपळ ज्या वर्षांत, त्याच वर्षांत हात रिकामा.

तीन ते सहा या काळात मुलाने जायचे कुठे? सरकारी उत्तर आहे अंगणवाडी, आणि ते उत्तर मला पटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे केले ते हेच होते. बालवाडीत येत नाहीत त्या मुलांच्या अंगणात बालवाडी न्यायची. न येणाऱ्या मुलासाठी जी कल्पना जन्मली, तिच्याच दारात आज चालता न येणाऱ्या मुलाच्या आईला ऐकवतात, "ताई, जरा पायावर उभा राहू द्या, मग बसवू." सेविकेला दोष देणे सोपे आहे. पोषण आहार, लसीकरण, मोबाइलवरच्या नोंदी आणि वीस-पंचवीस पोरे सांभाळताना ज्याला झटके येतात असे मूल एकटीने घ्यायचे धाडस मीही केले नसते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लक्षणे ओळखा, सामावून घ्या, आशा आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवा, असे त्यात सांगितले आहे. पाठवण्याची वाट त्यामुळे आखली गेली. परतीची अजून नाही. शीघ्र हस्तक्षेप केंद्रात सहा महिने व्यायाम करून आलेल्या मुलाबद्दल सेविकेला काय सांगायचे, आणि ते कोणी सांगायचे?

सांगण्यासारखे खूप असते, आणि ते एमआरआयमध्ये नसते. समजा सेरेब्रल पाल्सीची चार वर्षांची मुलगी आहे. थेरपिस्टने महिनोन्‌महिने घालवून तिच्याकडून एक गोष्ट पक्की करून घेतली आहे: 'हो' म्हणायचे असेल तर ती वर बघते. पाणी तिला चमच्याने, मान किंचित पुढे झुकवून द्यायचे; मान मागे गेली तर ठसका लागतो. टेकू देऊन कोपऱ्यात बसवले की तिचे हात मोकळे होतात, सतरंजीवर नुसते ठेवले की ती कलंडते. झटक्याचे औषध सकाळी चुकले तर दुपारी तिच्याकडे लक्ष ठेवायचे. या चार ओळी शिक्षकाच्या हातात नसतील, तर पहिल्याच आठवड्यात वर्गात निदान होते, "हिला काही कळत नाही." मग येते गृह-आधारित शिक्षण. कायद्यात ती अतितीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठीची सोय आहे. व्यवहारात अनेकदा पटावर नाव आणि घरात मूल.

ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्ट बऱ्हाणपुरात आणखी निराळी. यंत्र बसले तरी ऐकणे शिकावे लागते, आणि त्यासाठी सुरुवातीला शांत खोली लागते. विणकर मोहल्ल्यात घरातच माग. त्या खटखटाटात श्रवणयंत्र आईच्या शब्दाबरोबर मागाचा धोटाही मोठा करून ऐकवते. माग बंद ठेवला तर चूल बंद. म्हणून अशा मुलाला रोजचे दोन-तीन शांत तास अंगणवाडीतच मिळायला हवेत, आणि तेही केंद्र, घर, सेविका यांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय मिळणार नाहीत. त्यात भाषेची भर. घरात मराठी, उर्दू किंवा कोरकू, थेरपी हिंदीत, शाळा हिंदी. "घरी एकच भाषा बोला" हा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे मूल मागे पडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आजीची भाषा तोडली तर मात्र बोलायला एक माणूस कमी होतो.

हे हस्तांतर ठरवून करता येते, ते अमेरिकेत दिसते. तिथल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात १९८६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांची भर पडली. मूल तीन वर्षांचे झाले की शीघ्र हस्तक्षेपाची सेवा थांबते आणि जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे जाते. वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी, पालकांच्या संमतीने, दोन्ही बाजूंची बैठक घ्यावी लागते. पात्र मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना तिसऱ्या वाढदिवसापर्यंत तयार हवी. तिकडच्या एडिसनसारख्या गावातल्या मराठी घरांना हे तोंडपाठ असते. तिथेही सगळे गोड नाही. एका वाढदिवसाला घरी येणारी थेरपिस्ट बंद होते आणि आईबाप कायद्याची कलमे पाठ करत बसतात. पण तारीख ठरलेली आहे आणि बोलावणे कोणी धाडायचे तेही. आपल्याकडे या दोनच गोष्टी नाहीत.

शिक्षक कुठून आणणार, हा आक्षेप खराच आहे. विकासखंडाच्या शाळांमधून फिरणारा मोबाइल स्रोत सलाहकार महिन्यात किती मुलांपर्यंत पोचणार? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करायला सांगितले. पदे यायची तेव्हा येतील. एका बैठकीसाठी आणि दोन पानी कागदासाठी मात्र नवे पद लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका पत्रावर चारही खात्यांची माणसे अंगणवाडीत एका दुपारी बसू शकतात. मूल तीनचे होताना एकदा, शाळेत जाण्याआधी एकदा. कागदावर सही थेरपिस्टची, पोच मुख्याध्यापकांची, एक प्रत आईकडे. दोनच विकासखंडांच्या जिल्ह्याला हे जमत नसेल तर कोणाला जमणार?

पालकांसाठी एक सूचना, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मूल शिक्षण हक्क कायद्याच्या 'वंचित गटा'त आले. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांवर त्याचा हक्क आहे, आणि शाळेत नर्सरी असेल तर तो नर्सरीपासून लागू होतो. सहा वर्षे थांबायची गरज नाही. मूल साडेचारचे झाले की प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची चौकशी सुरू करा, आणि केंद्रातून निघताना फाइलच्या झेरॉक्सबरोबर 'याला कसे बसवायचे, कसे भरवायचे, हा हो कसे म्हणतो' हे थेरपिस्टकडून लिहून घ्या. मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक सत्र १ एप्रिलला सुरू होते. नव्वद दिवस मागे मोजले तर तारीख येते १ जानेवारी.