हार, नारळ आणि वेठ

जामनेरात जयंतीची मिटिंग बसते. मांडववाल्याचे पैसे ठरतात. भोंगेवाला अ‍ॅडव्हान्स घेतो. शाहिराचं नाव निघालं की सगळे म्हणतात, 'तो तं आपलाच हाय, त्याले कायचे पैसे?'

तो रात्रभर गातो. सकाळची पाळी चुकते, मिलमध्ये खाडा पडतो. हातात हार अन् नारळ. त्यानं चूल पेटत नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. वतन म्हणजे नावाला हक्क, कामाला वेठ. कधी बोलावतील त्याला वेळ नाही, राबल्याला मोल नाही. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. घटनेच्या २३ व्या कलमानं तर वेठबिगारीच गुन्हा ठरवली. मग ती आपल्या मांडवात कशी शिरली?

कोणी म्हणेल, चळवळ म्हणजे काय पाटील आहे? नाही. वामनदादा कर्डकांनी गावोगाव गाऊन अख्खं आयुष्य चळवळीला दिलं. पण ते त्यांनी दिलं. देणारा ठरवतो ते दान. घेणारा ठरवतो ती वेठ.

पैसे नसतील तर आधी सांगा. आम्ही पायी येऊ, फुकट गाऊ. पण भोंग्याला देता अन् गळ्याला देत नाही, तेव्हा शब्द हा श्रमच नाही असं तुम्ही म्हणता. मान द्यायचा अन् मोल बुडवायचं, ही गावगाड्याची रीत. आपली नव्हे.

वर्गणीच्या वहीत एक ओळ वाढवा : शाहिराचा खाडा.

जय भीम.