पाळलेल्या जिवाचे देणे

हा प्रश्न प्रथम उपस्थित केला तो आमच्या आईने, आणि तोही स्वयंपाकघरात बोंबील साफ करता करता. "देवाने दिलेली धडधाकट कूस आपण कापून काढायची, आणि वर त्याला उपचार म्हणायचे! पापनिवेदनाला गेल्यावर हे सांगायचे की नाही, तेवढे मला सांग." तिच्या हातात बोंबील असताना तिने दुसऱ्या जिवाची कड घ्यावी, याचे आमच्या धाकटीला हसू आले. आम्हांस मात्र हसू आले नाही. प्रश्न खरा होता आणि त्याचे तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते.

कूस होती बुंदीची. बुंदी ही आमच्या घरची पांढरी सशीण. दोन महिन्यांची असताना ती बाजारातून आणली तेव्हा विकणाऱ्याने ती नर असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. लहान सशाचे लिंग ओळखणे जाणत्यांनाही चकवते, त्यामुळे त्याला फार दोष देण्यात अर्थ नाही. पाच महिन्यांची झाल्यावर एके सकाळी ती छातीवरचे केस उपटून, तोंडात गवत धरून कोपऱ्यात घरटे रचताना दिसली. घरात दुसरा ससा नव्हता. पिले होण्याचा संभवच नव्हता. परंतु मादी ससा पुष्कळदा खोट्या गर्भारपणातून जातो आणि न येणाऱ्या पिलांसाठी अंथरूण घालतो. ते पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले होते. तिचा पुढचा प्रश्न त्या पाण्यातूनच आलेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

पण कुशीच्या आधी पायांची हकीकत सांगावयास हवी, कारण आमचा अपराध तेथे आहे.

बुंदीला आम्ही जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले होते. तळालाही जाळीच होती. लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी होते, हा आमचा विचार. पिंजरा ओटीवर, पावसाळ्याचे दिवस, खाली घातलेले गोणपाट कधी पुरते वाळत नसे. आम्ही तिला रोज गाजर भरवीत होतो, मुले तिला मांडीवर घेऊन बसत, पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत. एक दिवस धाकटीने तिला उताणी धरले आणि ओरडली. दोन्ही मागच्या तळव्यांचे केस झडून गेले होते आणि टाचेशी रुपयाएवढे लाल, ओलसर चट्टे पडले होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते आम्ही आधी कोणाला विचारलेही नव्हते. कुत्र्याच्या वा मांजराच्या तळव्याला मांसल गादी असते. सशाला ती नसते. पातळ कातडी आणि तिच्यावर दाट केसांचे आवरण, एवढेच त्याचे जोडे. मोकळ्या रानात नखे मातीत रुततात, भार बोटांवर विभागला जातो. जाळीवर किंवा गुळगुळीत फरशीवर नखांना रुतायला जागा मिळत नाही. मग भार मागे टाचेवर येतो, तेथला रक्तपुरवठा दबतो, कातडी मरते आणि जखम होते. नखे वाढलेली असली, वजन वाढलेले असले, अंथरूण ओले असले, दिवसभर बसून राहावे लागले की हे लवकर होते. रेक्स जातीच्या सशांच्या तळव्यांवर केस मुळातच विरळ, त्यामुळे त्यांना हा विकार अधिक. दुर्लक्ष झाले तर जंतू स्नायूबंधांत आणि हाडांत उतरतात, आणि मग इलाज फारसा उरत नाही.

उपचार पाहिले तर साधे होते. जाळी गेली. तिच्या जागी सपाट तळ, त्यावर सुती गोधडी आणि तीवर वाळलेल्या गवताचा जाड थर, ओला झाला की त्याच दिवशी बदललेला. नखे दर महिन्याला कापायची, दिवसातून काही तास घरात मोकळे सोडायचे, गाजर हा गोड खाऊ म्हणून चिमूटभर, बाकी मुख्य आहार गवताचाच. डॉक्टरांनी एक ताकीद दिली ती घरोघरी माहीत असावी: घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सशाला कधी चारू नयेत. पेनिसिलीनच्या कुळातले औषध त्याच्या पोटात गेले तर आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि ससाही मरू शकतो. माणसांचे मलमही परस्पर लावू नये; तो ते चाटतो.

चट्टे भरून यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आम्हांस एक गोष्ट फार टोचत राहिली. बुंदीने कधी तक्रार केली नव्हती. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखते आहे हे दाखवणे म्हणजे शिकाऱ्याला निमंत्रण देणे, म्हणून तो दुखणे लपवतो. फार झाले तर दात करकर वाजवतो, खाणे कमी करतो, कोपरा धरून बसतो. आम्ही त्याला तिचा शांत स्वभाव म्हणत होतो. माया आमच्यापाशी भरपूर होती. तळवे उलटून पाहण्याइतके लक्ष मात्र नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे हा गुन्हा मानतो. नीतिसूत्रांचा ग्रंथ तर सज्जनाची पारख सांगताना तो आपल्या जनावराची गरज जाणतो की नाही, येथपर्यंत जातो. तेथला भर जाणण्यावर आहे. आम्ही तेथेच कमी पडलो होतो.

पाय बरे झाल्यावर डॉक्टरांनी दुसरा विषय काढला. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास मादीचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकावेत, असे त्यांचे मत. कारण केवळ पिलावळ आवरणे हे नव्हते. सशांच्या काही जातींत चार वर्षांवरील माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग होतो, ही गोष्ट पशुवैद्यकात फार पूर्वीपासून नोंदलेली आहे. मादी एकटी ठेवली म्हणून हा धोका टळत नाही. आणि ससा स्वभावाने सोबतीचा प्राणी. त्याला जन्मभर एकटा ठेवणे हीही शिक्षाच.

आईचा प्रश्न येथे येऊन उभा राहिला. आम्ही ख्रिस्ती कुटुंबे हे शिकत वाढलो आहोत की मनुष्याने केवळ संतती टाळण्यासाठी आपली जननशक्ती नष्ट करून घेणे हे नैतिक नियमाविरुद्ध आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही ते स्पष्ट आहे. मग जे स्वतःच्या देहाला करू नये ते दुसऱ्याच्या देहाला, आणि तेही ज्याची संमती घेता येत नाही अशा मुक्याच्या देहाला, कसे करावे?

आम्ही बरेच दिवस यावर विचार केला. मनुष्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा केवळ अवयवाचे रक्षण करीत नाही. पती आणि पत्नी एकमेकांना दिलेल्या वचनातून, स्वेच्छेने, स्वतःचे दान करतात. जननशक्ती त्या दानाचा भाग आहे, म्हणून ती त्यातून तोडून काढणे गैर. सशाच्या मीलनात वचन नाही. तेथे निवड नाही, म्हणून निष्ठाही नाही आणि तिचा भंगही नाही. बुंदीची कूस ही देवाची निर्मिती खरीच, पण तिच्यात मोडण्यासारखी शपथ नाही. एवढे आईने मान्य केले. "तरी निसर्ग म्हणून काही आहे ना?" एवढेच ती म्हणाली.

निसर्ग हा शब्द आम्हांस या प्रकरणात सर्वांत अवघड गेला. सशीण सुमारे एकतीस दिवसांत वितेते, आणि व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. निसर्गाने तिला इतकी सुपीकता दिली ती कोल्हा, घार आणि साप यांचा हिशेब धरून. रानातले बहुतेक ससे तीन-चार वर्षांचे होतच नाहीत. आम्ही बुंदीला घरात आणले तेव्हा कोल्हा काढून टाकला, घार काढून टाकली. तिला जे दीर्घायुष्य दिले त्याच्याच पोटात हा कर्करोग आहे. निसर्गाचा एक अर्धा भाग आपल्या हाताने मोडून झाल्यावर उरलेल्या अर्ध्याला हात लावायचा नाही, आणि त्याला पापभीरूपणा म्हणायचे, हे आम्हांस पटेना. पिंजरा निसर्गात कोठे होता?

आईच्या वडिलांच्या दारी बैल होते. त्यांना लहानपणीच खच्ची केलेले असे, आणि त्या काळी भूल देण्याचा विचारही कोणी करीत नसे. ते पाप का वाटले नाही, असे आम्ही तिला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते नांगरासाठी होते." या उत्तराने आम्ही जिंकलो असे आमच्या मुलाला वाटले, आम्हांस तसे वाटले नाही. आपल्या उपयोगासाठी केलेले कृत्य डोळ्यांआड होते आणि जनावराच्या हितासाठी केलेले खटकते, हे विचित्र खरे. पण बुंदीच्या बाबतीत आमचा हेतू तरी निखळ होता काय? वयात आल्यावर ती चावू लागली होती, घरभर मुतून खुणा करीत होती. शस्त्रक्रियेने तेही थांबेल, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा आम्हांस बरे वाटले. तिच्या हिताच्या गाठोड्यात आमची सोय बांधलेली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ससा आणि ख्रिस्तसभा यांचा संबंध तसा जुना आहे. टिशियनचे १५३० च्या सुमाराचे एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे; त्यात पवित्र मरियेने एक पांढरा ससा हाताने धरला आहे. सुपीकतेचे आणि निर्मळतेचे प्रतीक एकाच प्राण्यात पाहणारी ती माणसे होती. दुसरी एक कथा अशी सांगितली जाई की इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची न जन्मलेली पिले उपवासकाळात चालतील असा निर्णय दिला, आणि म्हणून फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळायला सुरुवात केली. २०१८ साली संशोधकांनी मुळापर्यंत शोध घेतला तेव्हा असा निर्णय कोठेच सापडला नाही. तूरच्या ग्रेगरींच्या लेखनातील, एका आजारी माणसाने उपवासकाळात सशाची पिले खाल्ल्याच्या उल्लेखाचा तो विपर्यास होता. आईला ही कथा खोटी ठरल्याचे समाधान वाटले.

धोक्याची बाजूही सांगितली पाहिजे. ससा भुलीला नाजूक असतो. इंग्लंडमधील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या सशांपैकी शंभरात एकाहून थोडे अधिक दगावल्याचे आढळले. कुत्र्यांत हे प्रमाण हजारी दोनच्या आत होते. म्हणून सशांची शस्त्रक्रिया करण्याचा हात बसलेला डॉक्टरच शोधावा लागतो. आम्हांस त्यासाठी मुंबईत दोन खेपा घालाव्या लागल्या.

आणि खर्च साडेसात हजार रुपये. येथे धर्मशिक्षणग्रंथाचेच दुसरे वाक्य आमच्या आड आले. तो ग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला सोडून आहे असे सांगतो, आणि त्याच परिच्छेदात हेही सांगतो की जो पैसा आधी माणसांचे दुःख निवारण्यासाठी जायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातून निसर्गप्रेमाचे दाखले आपण मोठ्या हौसेने देतो, पण पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश तेथे एकत्रच ऐकावयास सांगितला आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या टाचांना खोल भेगा आहेत. पाण्यात उभे राहण्याचे काम. पावसाळ्यात त्या भेगांतून रक्त येते. बुंदीच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या असताना त्या एकदा तिच्यापाशी बसल्या, पट्टीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हिला बरे डॉक्टर मिळाले." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य आम्हांस आजतागायत सोडत नाही. सशिणीचे तळवे उलटून पाहायला शिकलेल्या आम्ही या टाचा सात वर्षे पाहत होतो.

यावर आम्ही काय केले? त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले, औषध आणले, मोरीत उभे राहायला लाकडी पाट केला. सेंट व्हिन्सेंट दी पॉलच्या पेटीत तेवढीच रक्कम टाकावी आणि हिशेब चुकता करावा, असेही एकदा मनात आले. पण असा हिशेब मांडणे म्हणजे स्वतःलाच पावती फाडून देणे होय. गरिबाचा विचार करण्याची वेळ बुंदीला विकत घेण्यापूर्वी होती. एकदा घरात आणून, पिंजऱ्यात घालून, तिचे पाय आपणच जखमी करून झाल्यावर तिच्यावरचा खर्च हौस राहत नाही. ते देणे होते. पण एक देणे आहे म्हणून दुसरे माफ होत नाही. लिमा शहरातील संत मार्टिन द पोरेस (१५७९-१६३९) गरीब रुग्णांची शुश्रूषा करीत आणि जखमी कुत्र्यामांजरांना बहिणीच्या घरी नेऊन ठेवीत. त्यांना या दोहोंत निवड करावी लागल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्ही मार्टिन नाही. आमच्या खिशाला तळ आहे, आणि त्याहून आधी आमच्या मनाला आहे.

शस्त्रक्रिया एका शुक्रवारी झाली. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे नसते. उलट पोट रिकामे राहिले की आतडी थांबतात आणि तेच प्राणघातक ठरते. तेव्हा घरी आणल्यावर ती किती लवकर खाते आणि लेंड्या टाकते, यावर सारे अवलंबून. वेदनाशामक दिलेले होते. बुंदी गोधडीवर डोळे अर्धे मिटून बसली होती, कोथिंबिरीकडे पाहतही नव्हती.

रात्री अकराला मुले झोपली. आई जपमाळ घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य, याबद्दल ती त्या दिवशी काहीच बोलली नव्हती, आणि नंतरही बोललेली नाही. दर थोड्या वेळाने ती कोथिंबिरीची एक काडी बुंदीच्या ओठांशी नेई, मागे घेई, पुन्हा मणी ओढू लागे. आम्ही दोनदा उठून पाहिले. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आईच्या हातातली काडी हळूहळू आखूड होत होती, आणि ती आम्हांस बोटाने गप्प राहण्याची खूण करीत होती. सकाळी गोधडीवर पाच लहान, कोरड्या लेंड्या होत्या. आईने त्या दोनदा मोजल्या.