पान की धूर

निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळून गेलं की आधी शिंक येते. शब्द मागाहून येतो.

तंबाखू हा शब्द मराठीचा नाही. नेमका कोणाचा, हेही पक्कं नाही. १४९२ मध्ये कोलंबसाची माणसं कॅरिबियन बेटांवर उतरली, तिथल्या लोकांना त्यांनी धूर ओढताना पाहिलं, आणि पुढे स्पॅनिशात 'ताबाको' रुजला. पण तो कशाचा? स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदोने १५३५ मध्ये लिहिलं, ज्या नळीने धूर ओढतात तिचं हे नाव. लास कासास म्हणतो, नळीचं नव्हे, गुंडाळलेल्या पानांचं. दोघंही त्या बेटांवर राहिलेले. काही अभ्यासक तर तिसरंच सांगतात: शब्द अरबीतून स्पेनमध्ये आधीच आलेला होता, एका औषधी पाल्यासाठी, नवं झाड जुन्या नावात बसवलं इतकंच.

बोट दाखवून नाव विचारावं, तर समोरचा बोट कुठं वळलंय ते आपल्या समजुतीनं ठरवतो.

क्यूबात 'ताबाको' म्हटलं की हातात सिगार ठेवतात. फ्रान्समध्ये 'ताबा' म्हणजे तंबाखू, आणि ती विकणारं दुकानही. पोलंडमध्ये 'ताबाका' मागितली तर तपकीर मिळेल. तंबाखूला तिथे वेगळा शब्द आहे, तो तुर्की 'त्युत्युन'वरून आलेला, आणि त्याच्या मुळाशी आहे धूर निघणं. क्रोएशियाचा 'दुहान' अरबीतला धूरच. ग्रीकांनी तर नवा शब्द करायची तसदीही घेतली नाही. 'काप्नोस' म्हणजे धूर. 'काप्नोस' म्हणजेच तंबाखू.

पश्चिमेकडच्यांनी 'ताबाको' हाच शब्द चघळला. पूर्वेकडच्या बऱ्याच जणांनी नुसता धूर पाहिला.

कन्नडमध्ये 'होगेसोप्पु'. होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. तमिळ 'पुगैयिलै' आणि तेलुगू 'पोगाकु' याच घडणीचे. तिघींनी समोर काय आहे ते पाहिलं आणि घरच्या दोन शब्दांत बांधलं. आपण मात्र पाहुण्याबरोबर त्याचं नावही ठेवून घेतलं. इथे निपाणीत, कर्नाटकाच्या सीमाभागात, १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एकाचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्याचा काळा दिन. अशा गावात हे मोठ्यानं बोलायचं नसतं. पण 'होगेसोप्पु' चांगला शब्द आहे, हे मराठी माणसानं मान्य करायला काय हरकत आहे?

संस्कृत पंडितांनी 'ताम्रकूट' घडवला. देखणा शब्द. त्यानं कोणाला शिंक आल्याचं ऐकिवात नाही.

अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती विजापूरहून. १६०४च्या सुमारास अकबराचा दरबारी असद बेग आदिलशाहीतून परतताना ती घेऊन गेला. हकिमाची हरकत अशी की आमच्या ग्रंथांत हिच्याविषयी काही लिहिलेलं नाही. शुद्धिवाद्यांची शब्दाबद्दलची हरकत याहून फारशी निराळी नसते.

मराठीनं परतफेड एका रंगानं केली: तपकिरी. नाकात जाणारी वस्तू डोळ्यांसाठी राहिली.

निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर 'युगांतर' या गटानं १९८२ मध्ये चित्रपट केला, 'तंबाकू चाकिला ऊब आली'. मराठीत ऊब म्हणजे हवीशी गरमी. हिंदीत 'ऊब' म्हणजे वीट. दिवसभर वखारीत धूळ चाळणाऱ्या बाईला कोश न उघडता दोन्ही अर्थ कळतात.

त्याच्या आदल्या वर्षी, १४ मार्च ते ६ एप्रिल, शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते. शेवटच्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात बारा जण गेले. तंबाखूचं आंदोलन म्हणतात, पण त्या चोवीस दिवसांचा खरा शब्द दुसराच होता: भाव. मराठीत तो बाजारातही असतो आणि मनातही. कन्नडमध्ये भाव मनातला, नाहीतर मेहुणा. बाजारातला तो 'बेले'. मागणी मात्र भाषांतराविना सगळ्यांना समजत होती.

परवा बेळगावहून निपाणीला येणाऱ्या गाडीत शेजाऱ्यानं तळहातावर अंगठा चोळून दाखवला. "हाय का?" माझ्याकडे नव्हती. पलीकडच्या बाकावरून तसाच अंगठा, "ऐतेनु?" पुढे बसलेल्या म्हाताऱ्यानं मान न वळवता चंची मागे दिली.