परक्या घरचा वर्षावास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडील विज्ञान आणि अभियांत्रिकीचे काही निवडक विद्यार्थी परदेशी विद्यापीठांच्या वाटेस लागतात. १९२५ साली स्थापन झालेली जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा त्यांना दोन-तीन महिन्यांसाठी तिकडील प्रयोगशाळांत बोलावते; कॅनडातील मायटॅक्स ही संस्था १२ आठवड्यांची संशोधनवृत्ती देते. अर्ज, शिफारसपत्रे, परवाने असे सर्व सोपस्कार उरकून विशीतला विद्यार्थी जेव्हा विमानात बसतो, तेव्हा त्याच्या खर्चाची तजवीज करणाऱ्यांच्या मनात केवळ एखाद्या प्रयोगाची पूर्तता नसते. दोन समाजांची मने एकमेकांस ओळखीची व्हावीत, हाही त्यांचा हेतू असतो.

या हेतूची एक पूर्वपीठिका फार बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ठिकठिकाणी मागे ठेवलेल्या सामग्रीच्या विक्रीतून जो पैसा उभा राहील, तो विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या विनिमयाकडे लावावा, असा कायदा सिनेटर फुलब्राइट यांच्या प्रयत्नाने १९४६ साली झाला, आणि १९५० साली आपल्या देशानेही त्या योजनेचा करार केला. रणांगणावर उरलेला माल विकून माणसे जोडावीत, या कल्पनेमागे जी श्रद्धा आहे तिला मी धार्मिक श्रद्धाच म्हणतो. कारण परिचयाने द्वेष मावळतो हे कोणत्याही हिशेबाने सिद्ध झालेले नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्यांनी एकमेकांचे गळे कापल्याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. तेव्हा प्रश्न असा की, परक्याच्या घरी काढलेले तीन महिने अंतःकरणात नेमके काय घडवू शकतात, आणि ते घडावे म्हणून जाणाऱ्याने कोणते व्रत पाळले पाहिजे?

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार भीतीच्या बाजूने केला. बौधायनाने समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली, पुढील निबंधकारांनी समुद्रयान केलेल्या द्विजाचा स्वीकार कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या गोष्टींत, घातला, आणि एकोणिसाव्या शतकातही विलायतेहून परतलेल्या कित्येकांना प्रायश्चित्तावाचून पंक्तीत घेत नसत. परभूमीच्या नुसत्या स्पर्शाने मनुष्य पालटतो, ही या निषेधाच्या मुळाशी असलेली समजूत होती. आजच्या योजनाकारांची समजूतही, भीतीच्या जागी आशा ठेवून, तीच आहे. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली सेरामपूरच्या सभेत, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले आणि फिलाडेल्फियात १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळवूनही तो शब्द पाळला. उलटपक्षी, वीस-वीस वर्षे परदेशात काढूनही शेजाऱ्याच्या उंबऱ्याआत पाऊल न टाकलेली माणसे कोणाच्या परिचयाची नाहीत? समुद्र कोणाला बाटवीत नाही, तसा शहाणाही करीत नाही. जे घडते ते राहण्याच्या रीतीतून घडते.

त्या रीतीचा, आणि तोही नेमक्या तीन महिन्यांच्या मुदतीचा, सर्वांत सूक्ष्म विचार मला विनयपिटकातील महावग्गात आढळतो. भर पावसात भिक्षू हिंडत राहतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात. इतर पंथांचे साधूच काय, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटी करून स्थिर होतात, असे लोकांचे गाऱ्हाणे भगवान बुद्धांच्या कानी गेले आणि त्यांनी वर्षावास घालून दिला. तीन महिने एका ठिकाणी राहावे, निकडीच्या कामासाठी बाहेर पडलेच तर सात दिवसांच्या आत परतावे, असा तो नियम. ज्यांच्या अन्नावर आपण राहतो त्यांच्या तक्रारीतून हे व्रत निर्माण झाले, याचे मला फार मोल वाटते.

परंतु त्याहून मोलाची कथा पुढे आहे. कोसल देशात एका ठिकाणी वर्षावासास राहिलेल्या भिक्षूंनी, आपापसांत तंटा होऊ नये म्हणून, सबंध मुदतभर एकमेकांशी एक अक्षरही न बोलण्याचा नेम केला. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी आणि पाणी भरून ठेवी, जो मागाहून येई तो जागा झाडून आवरी, आणि जड घडा उचलायचा झाला तर खुणेने दुसऱ्यास बोलावीत. तीन महिने सुखाने आणि सलोख्याने पार पडले, असे त्यांनी मोठ्या समाधानाने बुद्धांना निवेदन केले, तेव्हा त्यांच्या पदरी शाबासकीऐवजी ठपका आला. हे माणसांचे नव्हे, जनावरांचे एकत्र राहणे झाले, असा त्या ठपक्याचा आशय होता. आणि याच प्रसंगी प्रवारणेचा विधी सांगितला गेला: वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकाने, ज्येष्ठाने सर्वांत आधी, संघापुढे हात जोडून आपले पाहिलेले, ऐकलेले किंवा नुसते संशयिलेले दोष सांगण्याची विनंती करावयाची. संयुत्त निकायातील कथेप्रमाणे स्वतः बुद्धांनीही पाचशे भिक्षूंपुढे आपल्या वर्तनाविषयी अशीच पृच्छा केली होती.

आजच्या विद्यार्थी-वसतिगृहांतील सामाईक स्वयंपाकघर हे त्या कोसलातील विहारासारखेच असते. जो तो आपली भांडी घासून ठेवतो, स्मितहास्य करतो, दुसऱ्याची वेळ पाळतो. पण आपला मुलगा प्रत्येक पदार्थ निरखून का घेतो हे जर्मन सहकारी विचारीत नाही, आणि त्या सहकाऱ्याचे वृद्ध आईवडील कोठे राहतात हे आपला मुलगा विचारीत नाही, कारण विचारल्याने कोणी दुखावेल अशी दोघांनाही भीती असते. एका सायंकाळी दिवाळीची माहिती सांगितली जाते, टाळ्या होतात, अहवाल रुजू होतो, आणि विनिमय झाला असे दप्तरात नमूद होते. ते सौजन्य मी कमी लेखीत नाही. मात्र तो विनिमय नव्हे.

कारण ज्या संस्कारांत आपण वाढलो ते आपल्याला संस्कार म्हणून दिसतच नाहीत, मनुष्यस्वभाव म्हणून दिसतात. झाडलोट करणाऱ्याशी आपण कोणत्या स्वरात बोलतो, वरिष्ठापुढे “मला हे समजले नाही” असे म्हणणे आपल्याला का जड जाते, दिलेल्या वेळेला आपण किती किंमत देतो, हे बाहेरच्या डोळ्यांनाच दिसते. आणि ते आपल्यापर्यंत पोचावे यासाठी तोंड उघडण्याची मुभा आपणच त्या परक्याला दिली पाहिजे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तो अल्पकाळच. येथील लोक उपकार स्मरतात, आर्ताच्या मदतीस धावतात आणि अपमान झाला तर प्राणावर उदार होऊन सूड घेतात, असे त्याने लिहून ठेवले. आपण या साऱ्याचे गौरवपत्र करून टाकले. सुडाविषयीच्या त्या शब्दांत पाहुण्याने आपल्याला काही सांगून ठेवले असेल, असे सहसा आपल्या मनात येत नाही.

एका व्रताने बांधलेल्या भिक्षूंत असे दोष विचारणे शक्य होते, परक्यांत कसे व्हावे, अशी शंका कोणी घेईल. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर झाले, तेव्हा तेही परकेच होते; तेथील नियमांना त्यांनी स्वतःला बांधून घेतले आणि पाली विद्या मिळवली. पुढे १९१० साली हार्वर्डला जाऊन वॉरन या दिवंगत अमेरिकी पंडिताने अपुऱ्या सोडलेल्या विसुद्धिमग्गाच्या संपादनास त्यांनी हात घातला, आणि तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली, दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. सिंहलद्वीपाचे ऋण असे अमेरिकेत फिटले. एवढी वर्षे प्रत्येकाला देता येणार नाहीत, हे खरे. पण परक्या घराच्या नियमाखाली राहण्याची तयारी तीन महिन्यांतही दाखवता येते.

म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, अखेरच्या आठवड्यातील एक दिवस त्यांनी प्रवारणेसाठी राखावा, आणि त्या दिवशी आधी प्राध्यापकाने विचारावे. ज्याचा निर्वाह यजमानाच्या वृत्तीवर चालतो तो विद्यार्थी, वडीलधाऱ्याने पहिला प्रश्न विचारल्यावाचून, येथे आपल्याला कोठे कमी लेखले गेले ते कधीही सांगणार नाही. आणि यंदा जे निघाले आहेत त्यांना सांगणे एवढेच की, स्थलदर्शनात सात दिवसांहून अधिक काळ घालवू नका, आणि परतण्यापूर्वी सोबत काम केलेल्या निदान एकाला आपल्या वागण्यातले काय खटकले ते विचारा. तो सांगून संपेपर्यंत मध्ये बोलू नका.