सेवेला निघण्यापूर्वी

परमात्मा सर्व भूतांच्या हृदयात वास करतो, हे ज्याने एकदा मनापासून मानले त्याला दुसऱ्याचे दुःख परके राहत नाही. कोठे भूकंप झाला, नदीने गाव वेढले, डोंगर कोसळून वस्ती गाडली गेली, अशी वार्ता कानी पडताच सत्प्रवृत्त गृहस्थाचे मन व्याकूळ होते आणि ‘आपणही जावे, काही करावे’ असे त्याला वाटू लागते. ही ओढ म्हणजे ईश्वराची कृपाच होय. परंतु ओढ उत्पन्न होणे निराळे आणि सेवा घडणे निराळे. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे व तिच्याकडे भाविक मनुष्याचे बहुधा दुर्लक्ष होते. ती पायरी म्हणजे तयारी.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या ठिकाणीही प्रथम कारुण्यच उत्पन्न झाले होते. भगवंतांनी त्याला फटकारले, ते कारुण्य वाईट म्हणून नव्हे, तर त्या कारुण्याला विवेकाचा आधार नव्हता म्हणून. पुढे अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना त्यांनी तामस कर्माचे जे लक्षण दिले आहे, ते प्रत्येक सेवेच्छू मनुष्याने पुनःपुन्हा मनन करण्याजोगे आहे. कर्माचा पुढे होणारा परिणाम, त्यात होणारी हानी, दुसऱ्यास पोहोचणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य या चार गोष्टींचा विचार न करता, केवळ मोहाने जे कर्म आरंभिले जाते, त्यास भगवंत तामस म्हणतात. चोरी किंवा हत्या तामस आहे हे कोणालाही कळते. पण चांगल्या हेतूने, तथापि विचारावाचून केलेले काम त्याच पंक्तीत जाऊन बसू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही.

इ. स. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात केरळ राज्यात महापूर आला. १९२४ नंतर तेथे एवढा पूर आला नव्हता. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि दहा लाखांहून अधिक लोकांना मदत-छावण्यांचा आश्रय घ्यावा लागला. त्याच महिन्यात कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातही दरडी कोसळल्या. बेंगळुरू नगरीत ठिकठिकाणी धान्य, औषधे, कपडे गोळा होऊ लागले. या नगरीच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे उपनगर आहे. तेथील रेल्वे स्थानकावरून सेलम, कोइंबतूर, पालक्काड या मार्गाने केरळात गाड्या जातात. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थाचे चित्र वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

पूर ओसरू लागल्याची वार्ता आली आहे. रात्रीची जेवणे आटोपली आहेत. पूरग्रस्तांची चित्रे पाहून या गृहस्थाचे मन भरून आले आहे व उद्याच्याच गाडीने निघण्याचा निश्चय त्याने केला आहे. त्याने पिशवी काढली, तीत दोन जोड कपडे कोंबले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळालेल्या जुन्या कपड्यांचे एक मोठे गाठोडे दाराशी आणून ठेवले. वृद्ध आई देवापुढे जपमाळ घेऊन बसली आहे. तिने मुलाला अडविले नाही. माळ डोळ्यांना लावून ती एवढेच म्हणाली, “बाळ, तू जातोस हे चांगलेच आहे. पण तिथे उतरल्यावर पुढे काय? राहणार कुठे, खाणार काय, आणि तू आला आहेस हे कोणाला ठाऊक असेल?” मुलाजवळ उत्तर नव्हते.

आईने विचारलेला हा प्रश्न भगवंतांनी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पहिल्या गोष्टीचा, म्हणजे परिणामाचा आहे. आपत्तीच्या ठिकाणी अन्न, पाणी, निवारा व वाहतुकीचा रस्ता यांचीच वाण असते. कोणास न कळविता जो तेथे रिकाम्या हाताने जाऊन पोहोचतो, तो मदत घेणाऱ्यांच्या संख्येत एकाची भर घालतो. म्हणून शहाण्या सेवकाने एकट्याने निघू नये. जिल्ह्याचे प्रशासन किंवा तेथे आधीपासून काम करणारी विश्वासाची संस्था यांना विचारून, आपले नाव नोंदवून, सांगतील त्या ठिकाणी व सांगतील त्या दिवशी जावे. काही दिवस पुरतील एवढ्या दशम्या, फुटाणे, शेंगदाणे व गूळ, पिण्याचे पाणी, अंथरूण, विजेरी, पावसाळी अंगरखा आणि स्वतःची नेहमीची औषधे स्वतः बाळगावी. नाव, पत्ता, रक्तगट व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद खिशात ठेवावा.

परिणामाच्या या विचारात घरही येते. आईची औषधे महिनाभराची आणून ठेवली काय? पत्नीच्या हाती खर्चापुरते पैसे दिले काय? कचेरीतून रजा घेतली, ती खरे कारण सांगून घेतली काय? आजारपणाचा खोटा अर्ज देऊन पुण्यकर्मास निघणारा मनुष्य पहिले पाऊलच असत्यावर टाकतो. गृहस्थाला घर हे सेवेतील विघ्न नव्हे, त्याच्या सेवेचे ते पहिले क्षेत्र आहे. त्याची नीट व्यवस्था लावून जो निघतो, त्याचे चित्त मागे ओढले जात नाही.

दुसरी गोष्ट हानीची. आईने ते गाठोडे सोडले. वर एक विरलेले लुगडे होते, खाली गुंड्या तुटलेले सदरे. लुगडे हातात धरून तिने विचारले, “हे तू मला नेसायला देशील का?” मुलाने मान खाली घातली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूचा नागपट्टिणम किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्या कष्टकरी कोळी कुटुंबांना दुसऱ्याच्या उतरलेल्या चिंध्या नको होत्या. ते कपडे गोळा करण्याचे, वाहून नेण्याचे आणि शेवटी दूर करण्याचे सर्व श्रम वाया गेले.

सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानासंबंधी योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहण्यास सांगितले आहे, तसेच अवहेलनेने दिलेले दान तामस ठरविले आहे. घरातील अडगळ दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे ही अवहेलनाच होय, मग देणाऱ्याच्या मुखी कितीही गोड शब्द असोत. केरळात पूर ओसरल्यावर घराघरांत चिखल भरला होता. त्या वेळी तेथे फावडी, घमेली, झाडू, ब्लीचिंग पावडर, रबरी बूट व हातमोजे हवे होते. विजेची जोडणी तपासणारे आणि नळ दुरुस्त करणारे कारागीर हवे होते. ‘माझ्याजवळ देण्यासारखे काय आहे’ या प्रश्नाआधी ‘तेथे आज काय हवे आहे’ हा प्रश्न विचारला, तर दान पात्री पडते.

तिसरी गोष्ट इजेची. दुसऱ्यास दुखविण्याच्या हेतूने तेथे कोणीच जात नाही, तरी अज्ञानाने हिंसा घडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरात अडकलेल्यांना घेऊन निघालेली नाव उलटली. तीत क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. सुटकेसाठी चढलेली माणसे, स्त्रिया व लेकरे, कृष्णेच्या पाण्यात बुडाली. त्या महापुराच्या धावपळीचा दोष कोणा एकाच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु नावेची क्षमता व अंगावर बांधावयाची जीवरक्षक जाकिटे यांचा विचार हाही दयेचाच भाग आहे, हे त्या दुर्घटनेने शिकविले.

स्वतःच्या देहासंबंधीही हाच न्याय लागू होतो. केरळच्या पुरानंतर तेथे लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी अंगावरील लहानशा जखमेवाटेही हा रोग शरीरात पोहोचवते. चिखलात उतरणाऱ्या स्वयंसेवकांनी डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात असा आग्रह तेथील आरोग्य खात्याने धरला होता. ओसरलेल्या घरांतून सापही निघत होते. म्हणून निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घेणे, धनुर्वाताची लस टोचून घेणे, उंच बूट व हातमोजे घेणे यास कोणी देहाचे लाड समजू नये. आजारी पडलेला सेवक रुग्णालयातील एक खाट अडवितो, आणि ती खाट कोणा पूरग्रस्ताची असते.

याहून सूक्ष्म अशीही एक हिंसा आहे. जिचे घर वाहून गेले आहे अशा माउलीला शिधा देताना तिचे छायाचित्र घेणे, चार लोकांना दाखविण्यासाठी तिच्या अश्रूंचा उपयोग करणे, ‘किती गेले, कसे गेले’ असे खोदून विचारणे, हे तिच्या जखमेवर बोट ठेवण्यासारखे आहे. पिशवीत काय घ्यावे याबरोबरच काय मागे ठेवावे याचाही विचार साधकाने करावा. प्रसिद्धीची इच्छा मागे ठेवावी.

चौथी गोष्ट सामर्थ्याची. केरळच्या त्या पुरात किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी आपल्या नावा मालमोटारींवर चढवून आतल्या भागात नेल्या आणि हजारो जीव वाचविले. स्त्रियांना नावेत चढता यावे म्हणून त्यांतील एकाने पाण्यात ओणवे होऊन आपल्या पाठीची पायरी केली. हे सारे त्यांना साधले, कारण पाण्याशी त्यांचा जन्माचा परिचय होता. पुढे ३० जुलै २०२४ रोजी वायनाड जिल्ह्यात दरड कोसळून मुंडक्कै व चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली व मधला पूल वाहून गेला. तेव्हा बेंगळुरू येथे केंद्र असलेल्या सैन्याच्या मद्रास अभियंता दलाने १९० फूट लांबीचा बेली पूल अवघ्या काही तासांत, रात्रंदिवस खपून, १ ऑगस्ट रोजी उभा केला. त्या तुकडीत पुढाकार घेणाऱ्या मेजर सीता अशोक शेळके या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या कन्या. ते सामर्थ्य त्या रात्री आकाशातून उतरले नव्हते. वर्षानुवर्षांचे शिक्षण आणि सराव त्यामागे उभा होता.

प्रत्येक गृहस्थाला पूल बांधता येणार नाही की पुरात पोहता येणार नाही. पण प्रथमोपचार शिकता येतील, दोर कसा बांधावा हे शिकता येईल, पन्नास माणसांचा स्वयंपाक हाताखाली काढता येईल, याद्या स्वच्छ अक्षरात लिहिता येतील. सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेतूनही अनेक जिल्ह्यांत सामान्य नागरिकांना असे शिक्षण देण्यात आले आहे. संकट आल्यावर शिकावयास वेळ नसतो. शांत दिवसांत केलेला अभ्यास हीच संकटकाळची पूंजी होय.

येथे कोणी शंका घेईल की, असा हिशेब मांडीत बसल्यास धावून कोण जाणार? १८९७ सालच्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घालून आणले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी कोठे हिशेब केला? शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर त्यांच्याच चरित्रात आहे. मुलाला कोठे न्यावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांचा दवाखाना पुण्याबाहेर हडपसरजवळ त्याआधीच उघडण्यात आला होता. तयारी पूर्ण होती, आणि तयारीनंतर देहाची पर्वा राहिली नाही. विवेकाने भय वाढत नाही, अर्पण सार्थकी लागते.

आता के. आर. पुरमच्या त्या घराकडे पुन्हा वळावे. आईच्या प्रश्नांनी तो गृहस्थ जागा झाला. त्याने आणखी दोन दिवस घेतले, वैद्याला भेटला, रजा मागितली, संस्थेत नाव नोंदविले, जुने गाठोडे परत केले व त्याऐवजी फावडी आणि हातमोजे विकत आणले. पिशवी भरून दाराशी ठेवली. आणि निघण्याच्या आदल्या सायंकाळी संस्थेकडून निरोप आला, “तिकडे माणसे पुरेशी झाली आहेत. आपण येथेच राहून कोठारातील सामान निवडावे व पेट्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात.”

खरी परीक्षा या क्षणी आहे. चिखल उपसण्याहून अहंकार उपसणे कठीण. जो मनातल्या मनात खट्टू झाला, त्याने ओळखावे की त्याला सेवा हवी नव्हती, प्रवास हवा होता. पूरग्रस्त हवे नव्हते, स्वतःचे धावून जाणे हवे होते. सात्त्विक कर्त्याला आसक्ती नसते, ‘मी केले’ असे तो म्हणत नाही, धैर्य आणि उत्साह त्याच्या ठिकाणी असतात व कार्य सिद्धीस जावो वा न जावो, तो विचलित होत नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे. कोठारात बसून तांदळाच्या पेटीवर लावलेली चिठ्ठी आणि आलप्पुळ्याच्या घरातून उपसलेले चिखलाचे घमेले, ही दोन्ही त्याच्या चरणी सारखीच पोहोचतात. पाठविले तर जावे, थांबविले तर थांबावे. तयारी मात्र दोन्ही प्रसंगी पूर्ण असावी.

भरलेली पिशवी कधी वाया जात नाही. मे २०२५ मध्ये पावसाने के. आर. पुरम परिसरातीलच साई लेआउट या वस्तीत पाणी शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी नावा आणाव्या लागल्या. ज्याने दूरच्या गावासाठी बूट, दोर, विजेरी आणि प्रथमोपचाराचे ज्ञान जमविले असेल, त्याला अशा दिवशी रेल्वे स्थानकावर जाण्याचेही कारण पडत नाही. आर्त नारायण त्याच्याच गल्लीच्या टोकाशी, कमरभर पाण्यात उभा असतो.

म्हणून गृहस्थाने आपत्तीची वाट न पाहता आजच आपल्या घरी चार प्रश्न विचारावे: माझ्या जाण्याने पुढे काय होईल, काय वाया जाईल, कोणाला दुखेल आणि माझ्या अंगी बळ किती आहे? यांची प्रामाणिक उत्तरे मिळाल्यावर भगवंताचे स्मरण करून पिशवी भरावी आणि बोलावण्याची वाट पाहावी. अशा मनुष्याचे जाणे हीही पूजा आहे आणि थांबणे हीही पूजा आहे.