चांगली वाट

आमच्या ग्रुपमध्ये 'वाट चांगली आहे' याचा अर्थ वाट वाईट आहे असा होतो. कुणी नव्या ट्रॅकचा व्हिडिओ टाकला की खाली लगेच प्रश्न येतो, "चांगला आहे का?" आणि उत्तर येतं, "कडक! चेंबर दोनदा आपटला." खड्डे, सुटे दगड, तिरकी उतरण, सगळं असेल तर ती वाट चांगली. डांबर दिसलं की संपलं. दोन वर्षं मी हीच भाषा बोलत होतो आणि तिच्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. गेल्या मे महिन्यात एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यासमोर तेच दोन शब्द वापरले, 'वाट चांगली', आणि त्याला नेमकं उलटं म्हणायचं होतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आधी ग्रुपबद्दल. आम्ही बोईसरचे. सात गाड्या, सगळ्या फोर बाय फोर. कुणी एमआयडीसीत मेंटेनन्सला, कुणी केमिकल प्लँटमध्ये शिफ्ट बघतो, एका दादाचं गॅरेज आहे. मी सॉफ्टवेअरवाला. आठवड्यातले दोन दिवस लोकलने मुंबई, उरलेले दिवस घरून काम. कर्ज काढून सेकंडहँड थार घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "आपल्या बोईसरचे रस्ते कमी पडतात का तुला?" तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला दगडाची एक गंमत असते. दगड मीटिंग लावत नाही. चाक नीट ठेवलंस तर वर चढशील, नाही ठेवलंस तर घसरशील. उत्तर जागच्या जागी मिळतं.

खरं तर आम्हाला वाळवंटात जायचं होतं, राजस्थानात. पण सात जणांच्या सुट्ट्या काही जुळेनात. एकाच्या प्लँटचं शटडाऊन, दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न, माझं रिलीज. शेवटी लीडर म्हणाला, "वाळवंटच पाहिजे ना? मे महिन्यात मोखाड्याला चला."

त्याचं खरं होतं. जव्हार-मोखाड्याचा हा सगळा भाग काळ्या बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फोटो काढायला मुंबईहून लोक येतात. पण तीव्र उतार आणि घट्ट कातळ, त्यामुळे बरंचसं पाणी वाहून जातं. मेपर्यंत माळ उघडे पडतात, गवत करपतं, विहिरींचे तळ दिसतात आणि टँकर फिरायला लागतात. याच मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं.

पहाटे निघालो. चिल्हार फाट्याला हायवे, मग मनोर, विक्रमगड, जव्हारला नाश्ता. मोखाड्याच्या पुढे डांबर सोडलं आणि टायरची हवा उतरवली, बत्तीसवरून अठरावर. हवा कमी केली की टायर पसरतो आणि दगडाला धरतो. ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटतं, ऑफरोडिंग म्हणजे जोर. खरं तर ते बरंचसं जोर कमी करणंच आहे. सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे टेल. अवघड जागी एक जण खाली उतरून हाताने दिशा दाखवतो, तो स्पॉटर. आणि एक नियम कुणीही मोडत नाही: मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय पुढची हलत नाही. कुणालाही मागे सोडायचं नाही.

ज्या चढासाठी आलो होतो तो एका पाड्याकडे जाणारा. साठेक फूट लांब. फेब्रुवारीतल्या व्हिडिओत तो म्हणजे दगडांचा मोडका जिना होता, मधोमध पाण्याने खणलेली घळ. आम्ही पोहोचलो तर घळ नव्हती. कुणीतरी तिच्यात दगड बसवले होते, अगदी एकाला एक लावून. वरच्या अंगाला चार माणसं अजून काम करत होती. एक म्हातारे बाबा, दोन बाया, एक पोरगा. एक पहार, एक कुदळ, दोन घमेली.

लीडर गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून बघत म्हणाला, "च्यायला, वाट लावली राव वाटेची!"

सगळे हसले. मीही हसलो.

बाबांना ते ऐकू गेलं नसावं. आम्ही जवळ गेलो तसे ते आपणहून सांगायला लागले. पाऊस लागायच्या आत जीप वरपर्यंत आली पाहिजे. सुनेचे दिवस आषाढात भरतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरातल्या बाईला झोळीत घालून खाली आणावं लागलं होतं. मग केलेल्या कामाकडे बघून म्हणाले, "आता झाली वाट चांगली."

पहिल्या पाच गाड्या सहज चढल्या. इतक्या सहज की कंटाळा आला. सहावा मी. मी मुद्दाम डाव्या कडेने घेतली, जिथे अजून थोडा खडबडीतपणा उरला होता. मागचं चाक घसरून भरलेल्या भागात आलं. अशा वेळी पाय काढायचा असतो, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मी दाबला. चाक जागीच गरगरलं, आणि बसवलेले दगड एकामागून एक मागे उडाले. दहा सेकंद. वरून दोरी लावून मला ओढलं, टाळ्या पडल्या, एकाने शूट केलं. मी खाली उतरून बघितलं तर घळ परत उघडी पडली होती. पूर्ण नाही, पण जीप अडकेल इतकी.

बाबा बाजूला उभे होते. काही बोलले नाहीत. मी हळूच म्हणालो, "भरून देऊया का?" एक जण म्हणाला, "अरे, त्यांचं रोजचंच आहे ते. उन्हं उतरायला आली." मी आग्रह धरला नाही. गाडीत जाऊन बसलो. शेवटची गाडी दुसऱ्या कडेने वर आली आणि वॉकीटॉकीवर आवाज आला, "टेल क्लिअर. मागे कुणी नाही."

आरशात ती चार माणसं दिसत होती.

रात्री मनोरजवळ ढाब्यावर मी विषय काढला. मित्र वाईट नाहीत. त्यांनी जी उत्तरं दिली तीच मीही स्वतःला दिली असती. पहिलं उत्तर: मुद्दाम कुठे केलं? दुसरं: आपण येतो, खातो-पितो, त्या भागात चार पैसे जातात, दिवाळीत वह्या वाटल्या, चादरी वाटल्या. तिसरं: तिथे रस्ता नाही हा आपला दोष आहे का? तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण तिन्ही उत्तरं उडालेल्या दगडांबद्दल आहेत. मला त्याच्या आधीचं हसू टोचत होतं. कुणीतरी आपल्या घरापर्यंतची वाट दुरुस्त केली आणि ते बघून माझा मूड गेला, याचं काय?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाचं खेळावर १९७८ सालचं एक पुस्तक आहे, 'द ग्रासहॉपर'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या अडथळ्याची गरज नाही तो आपणहून अंगावर घेणं म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन भोकात टाकता येतो, तरी आपण काठीने मारतो. मला हे पटतं. आमचं ऑफरोडिंग अगदी याच मापाचं आहे. पण सूट्सच्या गोल्फच्या मैदानावर कुणाचं घर नसतं. मोखाड्याच्या त्या चढावर दगड एकच होता. माझ्यासाठी तो हौसेने घेतलेला अडथळा, आणि सुनेसाठी दवाखान्याच्या आड आलेला. मी कंटाळलो तर परत फिरू शकत होतो. तिच्याकडे दुसरी वाट नव्हती.

मग अडथळ्यांशी खेळूच नये का? अमेरिकेत युटामध्ये मोआब नावाचं गाव आहे. जगभरचे जीपवाले तिथे जाणं म्हणजे पंढरीची वारी समजतात. १९६७ पासून तिथे दरवर्षी जीप सफारी होते. खडकांवरून जाणाऱ्या तिथल्या बऱ्याच वाटा १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी पाडल्या. तारापूरच्या अणुभट्ट्यांच्या सावलीत वाढलेल्या मला हे वाचून मजा वाटली होती. पण आता त्यातली दुसरी गोष्ट लक्षात येते. तिथे खाणवाल्यांची ती गरज संपली आणि वाट मागे उरली, म्हणून तिचा खेळ झाला. मोखाड्यात गरज संपलेली नाही. वाटेवरून माणसं अजून चालतायत, डोक्यावर हंडे घेऊन.

यातून मला स्वतःसाठी एक साधी परीक्षा सापडली. ज्या गोष्टीत मला आनंद मिळतो, ती गोष्ट उद्या कुणाच्या तरी भल्यासाठी संपली, तर मला बरं वाटेल का? डॉक्टरचं पोट आजारांवर चालतं. त्यात काही गैर नाही. पण साथ ओसरली म्हणून हळहळणारा डॉक्टर आपल्याला नको असतो. माझा पगारही बऱ्यापैकी इतरांच्या बगवर चालतो. बग शोधण्यात मला खरंच मजा येते. पण बग सुटला की मी खूश होतो. तो राहावा असं वाटणाऱ्या माणसाला कुणी टीममध्ये ठेवणार नाही. या परीक्षेत मी कामात पास होतो. त्या चढावर नापास झालो. कुणाची अडचण बघून मजा घेणं ही एक गोष्ट. ती अडचण तशीच राहावी, हे वाटणं दुसरी. आणि पहिलीतून दुसरीत आपण कधी जातो ते कळतही नाही. 'चांगली' या शब्दाचा अर्थ हळूच बदलतो, एवढंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी परत गेलो. गॅरेजवाला दादा सोबत आला, बाकी कुणी नाही. मी उडवलेले दगड त्यांनी केव्हाच परत बसवले होते. माझी कुणी वाट बघत बसलं नव्हतं. वरचे काही फूट राहिले होते, त्याला हात लावला. मी दगड सपाट बाजू वर येईल असे मांडत गेलो, दिसायला छान. बाबांनी बघितलं, आणि न बोलता एकेक उपटून परत लावला. रुंद बूड खाली, निमुळतं टोक वर, दगड उभा. मग फटींत बारीक कपच्या ठोकून गच्च करायचं. सपाट मांडलेला दगड चाकाखाली डुगडुगतो, उभा ठोकलेला धरून राहतो. हे कुठे शिकलात विचारलं तर म्हणाले, "रोजगार हमीवर." १९७२च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या त्या योजनेत महाराष्ट्रातल्या किती हातांनी खडी फोडली आणि रस्ते घातले. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावांचे रस्ते बांधले असणार. स्वतःच्या पाड्याचा मात्र बिनमजुरीचा होता.

सहा फुटांना तीन तास लागले. दहा सेकंदांचा हिशोब मी मनात करत होतो.

चहा पिताना बाबांनी अगदी मनापासून विचारलं, "तुमच्या गाडीला चांगल्या रस्त्यावर काय त्रास होतो का?"

दादा हसला. मी म्हणालो, "नाही बाबा. गाडीला नाही."

ग्रुपमधल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही, आणि पटावं म्हणून मी भांडतही नाही. आम्ही तिघं-चौघं आता बंद पडलेल्या एका दगडखाणीत जातो, मालकाला विचारून. तिथून कुणी घरी जात नाही. मजा तेवढीच येते. पण बाकीचे जिथे जातात तिथेही जेव्हा जातो, तेव्हा उडालेला दगड परत बसवल्याशिवाय माझी गाडी हलत नाही. मग टेलला थांबावं लागतं, आणि टेलवाला शिव्या घालतो.

त्या दिवशी निघण्याआधी मी थार वरपर्यंत नेऊन बघितली. फोर लो लावावा लागला नाही, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी शांत चढली. काहीच झालं नाही. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "तो मोखाड्याचा चढ आता कसा आहे?" मी 'चांगला' असं टाइप केलं. मग खोडलं, आणि लिहिलं, "जीप जाते."