संघ कोणाचा, स्मृती कोणाची : अमेरिकी महाविद्यालयीन खेळातील निष्ठेचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा, त्यातही अमेरिकन फुटबॉलचा, जुन्या वळणाचा चाहता ज्या गोष्टींसाठी हट्ट धरतो त्या वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी निष्ठा, त्याग आणि सातत्य यांविषयीचे असे प्रश्न आहेत की ज्यांचा विचार धर्मचिंतनाने आणि तत्त्वज्ञानाने फार पूर्वीपासून केला आहे. भारतात आंतरविद्यापीठ सामन्यांना बहुधा खेळाडूंचे मित्र आणि शिक्षक एवढाच प्रेक्षक लाभतो, त्यामुळे मराठी वाचकाला या निष्ठेची व्याप्ती आधी सांगावी लागते. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागाराची आसनक्षमता १,०७,६०१ असून ते ज्या ॲन आर्बर नगरात आहे त्याची वस्ती त्याहून फार मोठी नाही. शरद ऋतूतल्या शनिवारी तेथे जमणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या विद्यापीठात कधी शिक्षणही घेतलेले नसते, तरीही संघाविषयी बोलताना ते ‘आम्ही जिंकलो’, ‘आम्ही हरलो’ असेच म्हणतात.

या चाहत्यांत जे वयाने ज्येष्ठ आहेत त्यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात. ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यांपेक्षा विद्यार्थ्यांचे वाद्यपथक त्यांना हवे असते, दूरचित्रवाणीच्या सोयीने रात्री उशिरा ठेवलेला सामना त्यांना खटकतो आणि दरवर्षी बदलणारे गणवेश त्यांना अनादराचे वाटतात. खेळाडूच्या पाठीवर त्याचे नाव असू नये, असाही त्यांच्यापैकी अनेकांचा आग्रह असतो, कारण नाव विद्यापीठाचे असते, व्यक्तीचे नव्हे. पेन स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये गणवेशावर खेळाडूंची नावे आणली आणि २०१५ मध्ये ती पुन्हा काढून टाकली, यावरून या आग्रहाचे वजन लक्षात येते. सर्वांत मोठा आग्रह प्रतिस्पर्ध्याविषयी असतो. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांच्यातील सामने १८९७ पासून होत आले आहेत, आणि या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील फलकांवरचे इंग्रजी ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीने खोडले जाते. ज्याच्याविषयी एवढा विरोध बाळगायचा तो प्रतिस्पर्धी दरवर्षी समोर यायलाच हवा, ही त्यामागची अपेक्षा असते.

या साऱ्याला ‘धर्म’ म्हणण्याची प्रथा अमेरिकी लेखनात रूढ आहे. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या ग्रंथालयावर १९६४ मध्ये साकारलेले, बाहू उंचावलेल्या ख्रिस्ताचे भव्य भित्तिचित्र क्रीडागारातून दिसते आणि फुटबॉलच्या पंचाच्या गुणदर्शक खुणेशी त्याचे साम्य असल्यामुळे लोकांनी त्याला ‘टचडाउन जीझस’ असे नाव दिले आहे; असे दाखले पुष्कळ देता येतील. परंतु विधी, गीते, रंग आणि जमाव यांचे साम्य दाखवून फारसे काही उलगडत नाही. महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत : चाहता ज्याच्याशी एकनिष्ठ असतो ती वस्तू नेमकी कोणती, आणि त्या निष्ठेपोटी दुसऱ्याकडून त्याग मागण्याचा अधिकार त्याला पोहोचतो काय?

पहिल्या प्रश्नातील अडचण उघड आहे. महाविद्यालयीन खेळाडू साधारणपणे चार वर्षे खेळतो आणि जातो, प्रशिक्षक बदलतात, क्रीडागारे पाडून नवी बांधली जातात, नियम तर इतके बदलले आहेत की ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्सने प्रिन्स्टनचा ६-४ असा पराभव केलेला, या परंपरेतील पहिला मानला जाणारा सामना आजच्या प्रेक्षकाला ओळखूही येणार नाही. मग पन्नास वर्षे ज्या संघावर प्रेम केले तो ‘तोच’ संघ कसा? भारतीय दर्शनांतील बौद्ध आणि नैयायिक यांचा वाद येथे थेट उपयोगी पडतो. बौद्धांच्या क्षणिकवादानुसार प्रत्येक वस्तू क्षणापुरतीच असते आणि ज्याला आपण एक वस्तू म्हणतो तो सदृश क्षणांचा अखंड प्रवाह, म्हणजे ‘संतान’, असतो. नैयायिक यावर ‘प्रत्यभिज्ञा’ पुढे करतात. प्रत्यभिज्ञा म्हणजे पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा पाहताना होणारी ‘तोच हा’ अशी ओळख. कापल्यावर पुन्हा उगवलेल्या केसांविषयी आणि दिव्याच्या ज्योतीविषयीही अशीच ओळख होते, पण तेथे वस्तू एक नसते, असे बौद्धांचे उत्तर आहे. संघाच्या बाबतीत बौद्धांचा पक्ष बलवान दिसतो. परंतु नैयायिकांचा दुसरा युक्तिवाद अधिक खोल जातो : ज्याने अनुभव घेतला त्यालाच स्मरण होऊ शकते, म्हणून पाहिलेल्या वस्तूचे काहीही झाले तरी पाहणारा मात्र एकच राहिलेला असला पाहिजे.

हा युक्तिवाद आत्म्याच्या नित्यत्वासाठी रचला गेला आणि त्या कामी तो पुरेसा आहे की नाही हा वेगळा वाद आहे, पण महाविद्यालयीन खेळाच्या बाबतीत तो विलक्षण चपखल बसतो. टेक्सास आणि टेक्सास ए ॲण्ड एम या विद्यापीठांमधील १८९४ पासूनचा सामना २०११ नंतर बंद पडला आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी मैदानावर असलेले तरुण मागील सामन्याच्या वेळी लहान मुले होती आणि तेव्हाचे प्रशिक्षकही उरले नव्हते, तरीही तो नवा सामना ठरला नाही, जुनाच पुन्हा सुरू झाला असे सर्वांनी मानले. ते मानण्याचा आधार मैदानावर फारसा नव्हता. तो प्रेक्षकांच्या स्मृतीत होता. तेव्हा ज्येष्ठ चाहत्याचा ‘आम्ही’ हा बढाईचा किंवा भ्रमाचा शब्द समजणे चूक आहे. खेळाडू हा प्रवाहातील क्षण आहे आणि त्या क्षणांना एका धाग्यात ओवणारी स्मृती ज्याच्याजवळ आहे तो साक्षीदार खेळाबाहेरचा नाही, तो खेळाचा घटक आहे.

मात्र हाच चाहता आपल्या दुःखाचे कारण सांगू लागतो तेव्हा वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. त्याच्या मते खेळ पैशाने बाटला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांच्या व्यापारी वापराचा मोबदला घेता येऊ लागला, २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीमुळे, आणि त्यानंतर सैल झालेल्या नियमांमुळे संघ बदलणे सोपे झाले, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. पूर्वीचे खेळाडू विद्यापीठाच्या प्रेमाखातर खेळत, आताचे पैशासाठी खेळतात, असा या तक्रारीचा आशय असतो.

इतिहास या शुद्धतेला दुजोरा देत नाही. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, १८५२ मधील हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत, एका रेल्वे कंपनीच्या खर्चाने आणि तिच्या मार्गावर प्रवासी यावेत या हेतूने भरवली गेली होती. खेळाडूंना छुपे पैसे व सवलती देण्याची रीत किती सर्रास होती हे कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालाने उघड केले. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा १९५० च्या दशकात राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, रूढ केली ती खेळाडूंना कामगार ठरवून नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून. १९५१ ते १९८८ या काळात त्या संघटनेची सूत्रे सांभाळणारे वॉल्टर बायर्स यांनीच नंतर, १९९५ मध्ये, पुस्तक लिहून या व्यवस्थेवर कठोर टीका केली. हौशीपणाच्या आदर्शाचे मूळही निर्मळ नाही : एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या नियमांनी कारागिरांना आणि मजुरांना हौशी खेळाडूंच्या व्याख्येतूनच वगळले होते.

तरीसुद्धा एखादा आदर्श इतिहासात पाळला गेला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, आणि फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म श्रेष्ठ, हा विचार तर मराठी वाचकाच्या रक्तात भिनलेला आहे. चाहत्याची तक्रार निष्काम कर्माच्या भाषेत मांडली तर ती उदात्त वाटू लागते, म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे. गीतेतील निष्कामतेचा उपदेश जो स्वतः कर्म करणार आहे त्याला उद्देशून आहे. अर्जुनाच्या कर्माचे फळ दुसऱ्या कोणी उपभोगावे आणि अर्जुनाला मात्र अनासक्तीचा पाठ द्यावा, असे तेथे कोठेही सुचवलेले नाही. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये नेमके हेच घडत आले. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो, प्रक्षेपणाचे हक्क प्रचंड किमतींना विकले जातात, आणि निःस्वार्थतेची अट तेवढी विशीतल्या त्या मुलावर होती, ज्याच्या गुडघ्याची आणि मेंदूची हानी आयुष्यभर त्यालाच सोसायची असते. स्वतः स्वीकारलेले वैराग्य हे तप आहे. दुसऱ्यावर लादलेले वैराग्य ही वंचना आहे आणि लादणाऱ्याचे प्रेम खरे असले तरी तिचे स्वरूप पालटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मधील ऑल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची बंधने एकमताने अवैध ठरवली, त्यामुळे ज्येष्ठ चाहत्यांना आपल्या श्रद्धेवर आघात झाल्यासारखे वाटले असेल. पण जे रद्द झाले ते त्यांचे स्वतःचे व्रत नव्हते.

निष्ठेचे मोल कसे ठरवावे याविषयी हार्वर्डचे तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी १९०८ च्या आपल्या ‘फिलॉसफी ऑफ लॉयल्टी’ या ग्रंथात दिलेला निकष येथे सर्वांत उपयुक्त आहे. रॉइस यांच्या मते एखाद्या ध्येयाला स्वेच्छेने, कृतीतून आणि पूर्णपणे वाहून घेणे म्हणजे निष्ठा, आणि तिच्यावाचून माणसाच्या जीवनाला आकार येत नाही. परंतु ध्येये परस्परविरोधी आणि प्रसंगी दुष्टही असू शकतात, म्हणून ‘निष्ठेशी निष्ठा’ हे तत्त्व त्यांनी मांडले. आपली निष्ठा अशी हवी की तिने इतरांच्या निष्ठेला बळ मिळावे, ती उखडली जाऊ नये, हा त्याचा अर्थ. प्रतिस्पर्ध्याचा आदर त्याच्या स्वतःच्या बाजूवरील निष्ठेपोटी करणे, हे प्रामाणिक खेळाचे तत्त्व रॉइस याच सूत्राने समजावतात. सैन्य आणि नौदल अकादमींच्या सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र उभे राहतात आणि आधी हरलेल्या, मग जिंकलेल्या संस्थेचे गीत म्हटले जाते, ही प्रथा या तत्त्वाचे शुद्ध रूप आहे.

याच तत्त्वाच्या विस्मरणाने काय होते हे पेन स्टेटमध्ये दिसले. १९६६ पासून तेथील फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक असलेले जो पॅटर्नो यांना, त्यांच्या एका माजी सहायकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आल्यावर, नोव्हेंबर २०११ मध्ये पदावरून दूर केले गेले, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते प्रशिक्षकासाठी. पॅटर्नो यांच्या नावावरून पुढे काढून घेतलेले १११ विजय नोंदींत परत मिळावेत यासाठी चाहत्यांनी धरलेला आग्रह २०१५ मध्ये सफल झाला. पीडित मुलांचा जगावरील विश्वासच मोडला होता, आणि त्या विश्वासापुढे विजयांच्या संख्येला जपणारी निष्ठा रॉइस यांच्या अर्थाने निष्ठाच राहत नाही.

कोणत्या गटाभोवती निष्ठा बांधावी हा प्रश्न मुंबईलाही नवा नाही. हिंदू, पारशी, मुस्लीम आणि युरोपियन अशा संघांची, १९३७ पासून ‘रेस्ट’ या पाचव्या संघासह पंचरंगी झालेली, मुंबईची क्रिकेट स्पर्धा प्रेक्षकांना अतिशय प्रिय होती. १९४० मध्ये गांधीजींनी तिला विरोध करताना म्हटले की महाविद्यालयांमधील किंवा संस्थांमधील सामने समजण्यासारखे आहेत, पण जमातवार संघांचे कारण समजत नाही, आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली. संस्थेवरील निष्ठा स्वीकारता येते, ती सोडताही येते आणि प्रतिस्पर्ध्याला माणूस म्हणून परके करत नाही, हा भेद त्या भूमिकेत अभिप्रेत दिसतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र महाविद्यालयीन निष्ठेतही वंशभेद मिसळलेला होता. मिसिसिपी विद्यापीठाच्या वाद्यपथकाने ‘डिक्सी’ हे गुलामगिरीच्या काळाचे स्मरण देणारे गीत वाजवणे २०१६ मध्ये थांबवले, तेव्हा परंपरा बुडाल्याची ओरड झाली. संघ तरीही तोच राहिला आणि चाहतेही राहिले.

या निकषावर वेतनाविरुद्धची तक्रार टिकत नाही, पण चाहत्याची दुसरी तक्रार पूर्णपणे टिकते. महाविद्यालयांचे प्रादेशिक गट, ज्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, गेल्या काही वर्षांत प्रक्षेपणाच्या उत्पन्नासाठी मोडले गेले. पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठे २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात खेळतात, आणि जुन्या ‘पॅक-१२’ गटात त्या वर्षी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. येथे खरोखर कोणाची तरी निष्ठा उखडली गेली आहे, कारण प्रतिस्पर्धी निघून गेला की मागे राहिलेल्यांच्या स्मृतीतील मालिका खंडित होते आणि तिची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही. याचे मूळ खेळाडूंच्या मोबदल्यात शोधणे अन्यायाचे आहे. ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालात आहे, ज्याने प्रक्षेपणावरील एनसीएएचे एकहाती नियंत्रण मोडले आणि विद्यापीठांना व त्यांच्या गटांना आपापले हक्क विकायला मोकळे केले. त्या निकालाला विरोध करणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, आणि महाविद्यालयीन खेळाची शैक्षणिक उद्दिष्टे बाजाराच्या मापाने मोजू नयेत अशी त्यांची भूमिका होती.

या सर्व खटल्यांत विद्यापीठे, संघटना आणि खेळाडू पक्षकार होते. साक्षीदार असलेला चाहता कोठेच पक्षकार नव्हता, आणि त्याच्या स्मृतीला हानी पोहोचते असे मानणारी तरतूद कायद्यात नाही. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांनी, गट वेगळे झाल्यावरही, १९०० पासूनचा आपला सामना २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा स्वतंत्र करार केला, तो कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने नव्हे. त्यातील पहिला सामना नोव्हेंबरअखेरच्या परंपरागत दिवसाऐवजी सप्टेंबरमध्ये आणि दोहोंपैकी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या सिॲटलमधील मैदानावर झाला. तो तोच सामना आहे की केवळ त्याच्यासारखा दुसरा, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी आधीचे सामने पाहिले आहेत त्यांच्याकडेच राहतो, आणि त्यांच्यात याविषयी एकमत होईलच असे नाही.